बगळ्याची मान

रविवारी तळ्याकाठच्या नव्या पायवाटेचं उद्घाटन होतं, आणि त्याआधीच्या सोमवारी सकाळी सव्वासहाला आमचे हे चिखलात बसले होते. आठ बाय चारचा पत्रा दुकानात भिंतीला टेकवून उभा होता. त्याला पांढऱ्या रंगाचे दोन हात देऊन झाले होते, आणि त्यानंतरच्या दहा दिवसांत त्याच्यावर एक रेघ पडलेली नव्हती. मी थर्मास घेऊन तळ्यावर गेले, तर हे रंगाची रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसलेले, समोर गुडघाभर पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा, आणि दोघांपैकी कोणी हलायला तयार नाही. बकध्यान म्हणतात ते हेच. फरक एवढाच की बगळ्याला शेवटी मासा मिळतो.

"अहो, पाटी," मी म्हटलं.

"हळू बोल."

"हळू बोलले तर पाटी होणार आहे का?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चौतीस वर्षं ह्यांच्याबरोबर रंगाच्या वासात काढलेल्या बाईला गप्प बसवायचं, आणि ते कुणासाठी, तर एका पक्ष्यासाठी. मी थर्मास गवतात ठेवला आणि घरी आले.

आमचा धंदा पाट्या रंगवण्याचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, आणि 'येथे वाहने उभी करू नयेत' अशा, ज्यांच्याखाली लोक हमखास वाहनं उभी करतात. अक्षरं हे आखतात, भरते मी. आखायचं म्हणजे बाहेरची रेघ मारायची, आणि भरायचं म्हणजे त्या रेघेच्या आत रंग भरायचा, बाहेर न जाता. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. मी कधी रेघ मारली नाही आणि ह्यांनी कधी भरलं नाही.

ह्यांच्यासारखा माणूस नवरा म्हणून मिळणं म्हणजे काय, ते पाटीवाल्याच्या बायकोलाच कळेल. रस्त्याने चालताना हे पाटीवर काय लिहिलंय ते वाचत नाहीत, दोन अक्षरांमधली जागा वाचतात. मुलीच्या वेळी मी दवाखान्यात कळा देत होते, तेव्हा हे माझा हात धरून दारावरची पाटी बघत होते. "'विभाग' डावीकडे सरकलाय," असं मला म्हणाले. एकदा दातांच्या डॉक्टरांची पाटी लावून झाली, डॉक्टर खूश, आम्ही शिडी उतरवली, आणि ह्यांना दोन अक्षरांत सुतभर जागा जास्त दिसली. पाटी उतरवून घरी आणली, खरवडली, पुन्हा रंगवली. डॉक्टर म्हणाले, "अहो, मला तर काही दिसत नाही." हे म्हणाले, "मला दिसतं." सगळं पुन्हा भरलं कोणी? मी.

मग फ्लेक्स आले. सकाळी सांगा, दुपारी टांगा. आमच्या समोरच्या गल्लीतला फ्लेक्सवाला माणूस वाईट नाही, भेटला की हातातलं काम सोडून ह्यांना खुर्ची देतो, पण त्याच्या यंत्राने आमची निम्मी गिऱ्हाइकं खाल्ली. उरलेली निम्मी ह्यांच्या हाताने जायला लागली. दोन वर्षांपासून ह्यांचा उजवा हात थरथरतो. पत्र्यावर आडव्या धरलेल्या काठीवर मनगट टेकवून बारीक अक्षरं अजून सुरेख येतात. पण मोकळ्या हाताची लांब रेघ मारायला गेले की तिला लाटा येतात. ह्याबद्दल हे बोलत नाहीत, म्हणून मीही बोलत नाही.

म्हणून पाणीपुरवठा विभागाने दिलेली ही तळ्याची पाटी. पायवाटेच्या पहिल्याच वळणावर, अख्खं शहर जिथून फिरायला जाणार तिथे, तळ्यावरच्या पक्ष्याचं मोठं चित्र आणि खाली माहिती. असं मोठं काम पुन्हा येणार नाही हे मला माहीत होतं, आणि आलं तरी हात तोवर थांबणार नाही हेही माहीत होतं. हाताने काढलेली ह्यांची एक शेवटची मोठी पाटी कुठेतरी उभी राहावी, एवढंच मला हवं होतं. तिच्यावर कुठला का पक्षी असेना.

आता त्या पक्ष्याचं मूळ सांगायला हवं. आमच्या पाणीपुरवठा विभागाचं एक गोल चिन्ह आहे. खाली तीन लाटा, वर उडणारा पक्षी, मान पुढे काठीसारखी सरळ, पाय मागे सरळ. टाकीवर तेच, टँकरवर तेच, साहेबांच्या पत्राच्या कोपऱ्यात तेच. ते आमच्या ह्यांनी काढलंय. आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते. नवी टाकी बांधून झाली होती आणि विभागाने सांगितलं, पाण्याचं काहीतरी काढा. ह्यांनी तळ्यावरचा पक्षी काढला. तो लोकांना इतका आवडला की विभागाने उचलून चिन्हच करून टाकलं. कोणी काढला हे मात्र कुठे लिहिलं नाही, आणि आमचे हे तर मुलखाचे मुखदुर्बळ.

पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ह्यांना रोज चालायला सांगितलं. चालण्याचा रस्ता तळ्यावरून जातो. पहिल्या दिवशी हे दीड तास उशिरा आले, चहा निवून गेला तरी प्यायले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बादली बरोबर न्यायला लागले. चालायला सांगितलेला माणूस बसायला जातो हे मी डॉक्टरांना सांगितलं, तर डॉक्टर हसले. हसायला काय जातं, भिजलेल्या विजारी धुवायच्या मला होत्या.

आणि मग जेवताना तेच पुराण. "तो राखी बगळा आहे." पाठ राखाडी, डोळ्यावरून निघालेली काळी पट्टी मागे लांब शेंडीत संपते, मान पांढुरकी आणि तिच्यावर पुढच्या बाजूने काळे तुटक ठिपके, चोच पिवळी. जांभळा बगळा वेगळा. त्याची मान तांबूस, अंगाने किडकिडीत, आणि तो लाजरा. पाणगवतातून नुसतं डोकं वर काढून काटकी असल्यासारखा उभा राहतो, बाहेर येत नाही. राखी उघड्यावर उभा राहतो. पाण्यात पाऊल टाकतो ते पाणी न हलवता. मासा पकडला की उलटापालटा करून डोक्याकडून गिळतो, कल्ले घशात अडकू नयेत म्हणून, आणि वर घोटभर पाणी पितो. हे सगळं मला पाठ आहे. माझी इच्छा नसताना पाठ आहे.

"आणि उडताना मान बघायची," हे म्हणायचे. "मान दुमडून खांद्यात घेतली असेल तर बगळा. सरळ पुढे असेल तर करकोचा. एवढं एक बघितलं तरी निम्मी ओळख झाली."

हे वाक्य मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. आणि पाणीपुरवठ्याचं चिन्ह रोज दारात, टँकरवर बघत होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला त्याच सोमवारी अकरा वाजता, विभागाच्या साहेबांच्या खोलीत. पाटीवर लिहायचा मजकूर साहेबांनी दहा दिवसांपूर्वी पाठवला होता, आणि त्याच दिवसापासून हे पत्र्याला हात लावत नव्हते. विचारलं की "बघू" म्हणायचे. शेवटी साहेबांनीच बोलावलं. मी बरोबर गेले, कारण ह्यांना एकट्याने पाठवलं तर हे कचेरीच्या पाट्या वाचून परत येतील.

साहेब वयाने आमच्या मुलीएवढे, बोलायला गोड. टेबलावर पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक. मजकुराची पहिली ओळ होती, 'करकोचा: आपल्या तळ्याचा पाहुणा.'

"साहेब, तळ्यावर करकोचा नाही," हे म्हणाले. "राखी बगळा आहे."

"काका, मी पण वाचलंय." साहेबांनी पुस्तक उघडून बोट ठेवलं. "उडताना मान सरळ, तो करकोचा. आपल्या चिन्हात मान सरळ आहे. बरोबर?"

"बरोबर."

"आणि चिन्ह ह्याच तळ्यावरच्या पक्ष्याचं आहे."

"आहे."

"मग तळ्यावर करकोचा आहे."

मी कपाळाला हात लावला. तळं खिडकीतून दिसत होतं. दहा पावलं चालून जाऊन बघायचं सोडून दोन शहाणी माणसं कागदावरून पक्षी ठरवत होती.

"साहेब," हे म्हणाले, "चिन्हात चूक आहे. ती माझी."

साहेबांनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, ते चिन्ह एका नामवंत चित्रकाराने काढलंय. फाइलमध्ये तशी नोंद आहे."

"नाव काय त्यांचं?" मी विचारलं.

साहेबांनी फाइल चाळली. "नाव नाही लिहिलेलं."

"ते हेच," मी म्हटलं. "समोर बसलेत."

"काकू, माझा विश्वास आहे हो. पण पुरावा काही? आणि माझी अडचण समजून घ्या. पाटीच्या कोपऱ्यात हेच चिन्ह येणार. मधे बगळा लिहिला तर लोक विचारणार, मग चिन्हात कोण आहे? चौतीस वर्षं विभाग चुकीचा पक्षी मिरवतोय हे मी माझ्या सहीने कसं लिहू?" त्यांनी पुस्तक मिटलं. "बुधवारपर्यंत करकोचा काढून द्या, काका. नाहीतर मला फ्लेक्स छापून घ्यावा लागेल. फ्लेक्सवाला तयार आहे."

वाटेत मी ह्यांना सोडलं नाही. साप साप म्हणून भुई धोपटायला मला आवडत नाही, पण इथे साप समोर दिसत होता. म्हटलं, "चूक स्वतः करायची, ती चौतीस वर्षं मूग गिळून लपवायची, आणि ऐन वेळी साहेबांपुढे कबूल करून हातचं काम घालवायचं. ह्याला शहाणपण म्हणतात का? काढून टाका करकोचा. लांब पाय, लांब चोच, लांब मान. कोण बघतंय?"

"मी बघतोय," हे म्हणाले.

ह्यांच्याशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, माझाच घसा सुकतो.

पण साहेबांचा तो पुरावा शब्द मला डाचत होता. माझ्या नवऱ्याने काढलेल्या चित्राला मला पुरावा मागतात म्हणजे काय. आमच्या घरात पुराव्याला तोटा नाही, कारण हे एक कागद टाकून देत नाहीत. पाटी करायची असली की आधी जाड कागदावर चित्र काढायचं. मग रेघेवरून सुईने बारीक भोकं पाडायची. तो कागद पत्र्यावर धरून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटली की खाली ठिपक्याठिपक्यांनी चित्र उमटतं. ह्याला आम्ही खाका म्हणतो. भोकं पाडायचं काम पहिल्यापासून माझं. पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असे शेकडो खाके गुंडाळ्या करून ठेवलेत. दुपारी मी ती पेटी खाली ओढली, नाकातोंडात कोळसा गेला, ह्यांचा आणि बगळ्याचा उद्धार करत करत एकेक गुंडाळी सोडत गेले, आणि तळाशी टाकीचा खाका सापडला.

कागद पिवळा पडला होता. गोल, तीन लाटा, पंख. मानेपाशी आले आणि मला काही कळेना. तिथे दोन माना होत्या. एक पेन्सिलने काढलेली, दुमडून खांद्यात ओढलेली, अगदी हे जेवताना हाताने करून दाखवतात तशी. तिच्यावर एकही भोक नव्हतं. तिच्यावरूनच दुसरी, सरळ, जोर देऊन काढलेली. माझ्या सुईची भोकं हिच्यावर होती. आणि कागदाच्या कडेला हिरव्या पेन्सिलीने, शाळेतल्या मुलीसारख्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'पुढे जागा रिकामी दिसते. मान लांब करा.'

अक्षर माझं होतं.

मग सगळं आठवलं. हे टाकीवर अस्तर मारायला गेले होते आणि कागद भोकं पाडायला माझ्यापुढे ठेवून गेले होते. मी नवी नवरी, तीन महिने नुसती भरत होते, मलाही काही कळतं हे दाखवायची खुमखुमी होती. मान दुमडलेली असल्याने गोलाच्या उजवीकडे जागा मोकळी पडत होती. पाटीवाल्याच्या घरात रिकामी जागा म्हणजे पाप, एवढं तोवर मी शिकले होते. म्हणून लिहिलं. हे संध्याकाळी आले, ती ओळ वाचली, बराच वेळ कागदाकडे बघत उभे राहिले, आणि पेन्सिल घेऊन मान लांब केली. दुकानात माझा शब्द चालला तो पहिल्यांदा. मी इतकी खूश झाले होते की आठवडाभर तोंडावरून हसू गेलं नव्हतं. आणि पुढे मी ते साफ विसरले.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्या चुकीवरून सकाळी भर रस्त्यात नवऱ्याची हजेरी घेतली ती माझीच होती. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा राग जास्त आला. हा माणूस एकदा तरी तोंडाने म्हणाला असता की बाई, हे तुझं काम आहे.

मी कागद घेऊन दुकानात गेले. हे ब्रशांना तेल लावत बसले होते.

"हे काय आहे?"

त्यांनी चष्मा लावला. "अरे, सापडला वाटतं."

"तुम्ही आधी बरोबर काढली होतीत."

"हं."

"मग माझं का ऐकलंत?"

"जागा रिकामी दिसतच होती," हे म्हणाले. "तू म्हणालीस ते काही खोटं नव्हतं."

"आणि साहेबांना चूक माझी म्हणून का सांगितलंत?"

"उद्या सकाळी चल माझ्याबरोबर."

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही अशी ह्या माणसाने जन्मतःच शपथ घेतली असावी.

मंगळवारी सहा वाजता दोन बादल्या पालथ्या पडल्या. बगळा होता, कालच्याच जागी. उभा. दहा मिनिटं गेली, वीस गेली. डासांनी माझे पाय फोडले. डावा पाय बधिर झाला. बगळ्याने एकदा पाऊल उचललं, तसंच हवेत धरलं, आणि मला वाटलं आता काही करणार, तर त्याने ते होतं तिथेच परत ठेवलं. चाळीस मिनिटांनी त्याची मान सुटली, चोच पाण्यात गेली आणि बोटभर मासा आडवा धरून वर आली. त्याने तो फिरवला, डोक्याकडून गिळला, घोटभर पाणी प्यायला, आणि पुन्हा उभा. पत्रा दुकानात कोरा होता आणि बुधवार उद्यावर आला होता. मी उठायच्या बेतात होते.

तेवढ्यात पायवाटेवरच्या कामगारांनी खडीचा हातगाडा ओतला. बगळा दचकला. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"आता मान बघ. मानच बघ."

बगळा उठला. उठताना त्याने मान सगळी पुढे ताणली, चिन्हात आहे तशी, आणि पाय खाली लोंबत होते. हे पंखांचे फटके मोजत होते. "एक. दोन. तीन. चार. पाच." पाचव्याला मान मागे आली, दुमडली, खांद्यात गेली. लोंबणारे पाय मागे सरळ झाले. तो घोगऱ्या आवाजात एकदा ओरडला आणि पाणगवतावरून संथपणे निघून गेला.

"बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं. खरंच बघितलं होतं.

"मान लांब असते. उठताना असते. कधी तीन फटके, कधी सहा. पण रोज असते." ते पुढे गेलेल्या बगळ्याकडेच बघत होते. "चालायला आलो त्या पहिल्याच दिवशी असं वाटलं होतं. पण एकदा दिसलं तर तो योगायोग असतो. म्हणून बघत राहिलो. तुझी मान चुकीची नाही. उठतानाची आहे. पण मग उठताना पाय लोंबायला हवेत, आणि पाय मी मागे सरळ काढून ठेवले. तेव्हा चूक आहे ती पायांत. पाय माझे."

पाच वर्षं. भिजलेल्या विजारी, निवलेले चहा, दुखणारे गुडघे, आणि हे सगळं कशासाठी, तर बायकोने तरुणपणी लिहिलेली एक ओळ कुठेतरी खरी ठरते का ते बघायला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

"मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

"तू विचारलं नाहीस," हे म्हणाले, आणि बादली उचलली.

तसेच चिखलाच्या पायांनी आम्ही कचेरीत गेलो. वाटेत मी मनाशी ठरवलं होतं की साहेबांपुढे मीच बोलायचं. पण ह्यांनी टेबलावर कागद पसरला तेव्हा कड आत दुमडलेली होती. माझी हिरवी ओळ झाकायला ह्यांनीच ती दुमडली असणार, कधी ते मला कळलंही नाही. हे साहेबांना उठतानाची मान सांगत होते, फटके हाताने करून दाखवत होते. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या.

"म्हणजे चिन्ह बरोबर आहे?"

"मान बरोबर आहे. पाय चुकलेत. ते माझे."

"पाय कोण बघतंय, काका."

"हे बघतात," मी म्हटलं, आणि कागदाची दुमडलेली कड उलगडली.

साहेबांनी ती ओळ वाचली. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

त्यांनी खाक्याचा फोटो काढला, फाइलला लावायला सांगितला, मजकुरातला करकोचा खोडून वर 'राखी बगळा' लिहिलं, खाली सही केली आणि बुधवारची मुदत शनिवारपर्यंत वाढवून दिली. ह्या एका शब्दासाठी दहा दिवस गेले होते.

उरले चार दिवस. हे एकदा कामाला लागले की लागतात. वर लांबवर एक बगळा उडताना, लहान, मान दुमडलेली, पाय सरळ. मधे मोठा, पाण्यातून उठणारा, मान ताणलेली, पाय लोंबते. उठतानाचा आणि उडतानाचा, म्हणजे पुन्हा कोणी पुस्तक उघडून भांडायला नको. बुधवारी आणि गुरुवारी काठीवर मनगट टेकवून ह्यांनी अक्षरं आखली, मी मागून भरत गेले. शुक्रवारी लहान बगळा, पंख, चोच, डोळ्यावरची काळी पट्टी. पाय आखताना तर मला जवळही येऊ दिलं नाही. शनिवारी दुपारी सगळं झालं होतं आणि मोठ्या बगळ्याला मान नव्हती. कोळशाचे ठिपके होते, पण रेघ नव्हती.

ती रेघ खांद्यापासून चोचीपर्यंत, हातभर लांब, मधे न थांबता मारायची. काठी तिथे कामाची नाही. हे ब्रश बुडवून उभे राहिले, हात वर गेला, थरथरला, खाली आला. दुसऱ्यांदा डाव्या हाताने मनगट धरून बघितलं. तिसऱ्यांदा ब्रशाचं टोक पत्र्याला लागायच्या आत त्यांनी तो मागे घेतला. मी खाली बसून लाटा भरत होते आणि वर बघत नसल्याचं दाखवत होते.

"मान तू काढ," हे म्हणाले.

"मी? मी कधी रेघ मारली आहे का?"

"ही एक सांगितली होतीस."

"अहो, उद्या सकाळी लोक येणार आहेत. ही काय थट्टेची वेळ आहे?"

त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. तो धरलेला हात थरथरत होता, म्हणून मी पटकन घेतला. "खांद्यापासून सुरू कर. ठिपक्यांकडे बघू नको, चोचीकडे बघ. आणि श्वास मधे सोडू नको."

मी रेघ मारली. एक वरची, एक खालची. वरची बरी आली. खालची मधे जरा फुगली, जणू ह्या बगळ्याचा मासा घशातच अडकला होता. रंग ओला होता.

"वाकडी झाली," मी म्हटलं. "टर्पेंटाइनचा बोळा आणते, पुसा आणि तुम्हीच बघा काहीतरी."

हे जवळून बघत राहिले. मग चार पावलं मागे गेले, एक डोळा मिटून बघितलं. दातांच्या डॉक्टरांची अख्खी पाटी सुतभर जागेसाठी खरवडणारा माणूस. मी बोळा हातात घेऊन उभी होते.

"राहू दे," हे म्हणाले.

त्यांनी माझ्या पुढ्यातली पांढुरक्या राखाडी रंगाची वाटी उचलली, माझा भरायचा चपटा ब्रश घेतला, आणि पत्र्यासमोर बसून माझ्या रेघांच्या आतली मान भरायला लागले. भरताना हात थरथरला तरी चालतं.